नागपुरात बांधकाम करताना यांत्रिक वायुवीजनाचे नियम कसे वाचावेत, हिशेब कसा करावा

मागच्या पावसाळ्यात मनीषनगरमधल्या एका चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेले होते. बाथरूमच्या छतावर बुरशीचे काळे ठिपके, कपाटातल्या टॉवेलांना कुबट वास. एक्झॉस्ट फॅन चालू होता, घरघरही भरपूर करत होता. देवघरातली उदबत्ती मागून घेतली, पेटवली आणि बाथरूमचं दार बंद करून बाहेरून दाराच्या खालच्या कडेशी धरली. धूर सरळ वर गेला. मग दार चार बोटं उघडलं. त्याच क्षणी धुराची रेघ मोडली आणि आत खेचली गेली.

फॅन चांगलाच होता. त्याला ओढायला हवा मिळत नव्हती. पाणी बाहेर येऊ नये म्हणून सुताराने दाराला खालून रबरी पट्टी मारली होती आणि बाथरूमला दुसरी आवकच नव्हती. पट्टी काढून दारात खाली जाळी बसवली, महिन्याभरात छत कोरडं झालं.

यांत्रिक वायुवीजन म्हणजे पंख्याच्या जोरावर हवा आत आणणं किंवा बाहेर काढणं. नियमांचा मजकूर रुक्ष असला तरी त्यात एकच प्रश्न विचारलेला असतो: या जागेतून तासाला किती घनमीटर हवा जाते, ती कुठून येते आणि कुठे जाते? ‘फॅन बसवला आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे. घर बांधणारे, फ्लॅट घेणारे, खानावळ टाकणारे आणि सोसायटीचं काम बघणारे, सगळ्यांना हा हिशेब स्वतः करता यावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. त्याला लागतात मोजपट्टी, कॅल्क्युलेटर आणि एक निवांत संध्याकाळ.

आधी ठरवा, तुमच्यावर कोणाचे नियम चालतात

नागपुरात बांधकाम परवानगी देणारी कचेरी एक नाही. शहरात महानगरपालिका आणि नागपूर सुधार प्रन्यास, शहराबाहेरच्या पट्ट्यात नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एनएमआरडीए. कचेरी वेगळी असली तरी पुस्तक बहुतेक ठिकाणी एकच आहे: डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेली राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. ती मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे. हिंगणा किंवा बुटीबोरीला एमआयडीसीच्या भूखंडावर काम असेल, तर मात्र एमआयडीसीचे स्वतःचे नियम आहेत, तिथे चौकशी वेगळी करा.

दुसरं पुस्तक म्हणजे राष्ट्रीय बांधकाम संहिता, एनबीसी 2016. वायुवीजनासाठी तिचे तीन तुकडे कामाचे आहेत. भाग 8 चं पहिलं प्रकरण नैसर्गिक उजेड आणि हवेचं, त्याच भागाचं तिसरं प्रकरण वातानुकूलन आणि यांत्रिक वायुवीजनाचं, आणि भाग 4 अग्निसुरक्षेचा. एनबीसी स्वतःहून कायदा नाही. स्थानिक नियमावली तिचा हवाला देते तेव्हा ती बंधनकारक होते, आणि इमारतीतल्या सेवांच्या बाबतीत आपली नियमावली तो हवाला देते. म्हणून ‘एनबीसी तर फक्त सल्ला आहे’ असं कोणी ठेकेदार म्हणाला, तर तिथे थांबू नका.

तिसरं, आगीच्या बाबतीत महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. त्याकडे शेवटी येते.

पंख्याच्या आधी खिडकी

नियमांचा क्रम असा आहे की आधी नैसर्गिक हवा बघायची आणि ती कमी पडली की तेवढी तूट यंत्राने भरायची. त्यामुळे खिडकीचा हिशेब चुकला, की पुढचं सगळं चुकतं.

एनबीसी खोलीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात उघडी जागा मागते आणि ते प्रमाण हवामानावर ठरतं: कोरड्या उष्ण भागात एक-दशांश, दमट उष्ण भागात एक-षष्ठांश, मधल्या हवामानात एक-अष्टमांश. यात दारं धरायची नाहीत. नागपूर ‘संमिश्र’ हवामानाच्या गटात येतं. मे महिन्यात कोरडी भट्टी, जुलै-ऑगस्टमध्ये घाम न वाळणारा दमटपणा, डिसेंबरात पहाटेची बोचरी थंडी. घरांसाठीची केंद्राची ऊर्जाबचतीची संहिता, इको निवास संहिता 2018, या गटाला उघडणाऱ्या खिडक्यांचं प्रमाण किमान 12.5 टक्के ठेवते, म्हणजे पुन्हा एक-अष्टमांशच. मी स्वतः एक-षष्ठांश धरते. पावसाळ्यात तो फरक कळतो आणि नकाशा तपासणाऱ्यालाही हरकत घ्यायला जागा उरत नाही.

आता खरी गोम. चार बाय साडेतीन मीटरची खोली घ्या, 14 चौरस मीटर. साडेबारा टक्के म्हणजे 1.75 चौरस मीटर. नकाशावर दीड बाय सव्वा मीटरच्या आसपासची खिडकी दिसते आणि आपण समाधानाने पुढचं पान उलटतो. पण ती सरकती, दोन काचांची खिडकी असेल, तर एका वेळी तिचा अर्धाच भाग उघडतो. इको निवास संहिता सरकत्या दोन काचांच्या खिडकीला 50 टक्केच उघडी मानते, बिजागऱ्यांवर उघडणाऱ्या पल्ल्यांच्या खिडकीला 90 टक्के. एनबीसीचंही म्हणणं तेच: खिडकीचा काही भाग बंदिस्त असेल, तर उघडणाराच भाग मोजायचा. म्हणजे तुमची 1.8 चौरस मीटरची खिडकी हिशेबात 0.9 ची झाली, साडेसहा टक्क्यांच्याही खाली.

आपल्याकडे तीन पट्ट्यांची सरकती खिडकी म्हणजे दोन काचा आणि एक मच्छरदाणीची जाळी. तिसरी पट्टी काचेची नसल्याने उघडी जागा अर्धीच राहते, आणि जाळी धुळीने भरली की त्यातूनही निम्मी हवा अडते. नागपूरच्या जुन्या वाड्यांमध्ये आणि सरकारी क्वार्टरांत लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या, वर दोरीने उघडायचा झरोका असायचा. गरम हवा वर जाते, तिथूनच निघून जायची. नवीन घर बांधत असाल, तर आर्किटेक्टला तो झरोका परत मागा. खर्च फार वाढत नाही.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा: 7.5 मीटर. खिडकीपासून त्यापेक्षा जास्त आत गेलेला खोलीचा भाग उजेड-हवा मिळणारा धरला जात नाही. धरमपेठ-सीताबर्डीतल्या लांबट, अरुंद तोंडाच्या दुकानांना हा नियम नेमका लागतो. पुढे शटर, मागे भिंत, मध्ये पंधरा मीटर लांब जागा. तिथे मागचा अर्धा भाग यंत्रावरच चालवावा लागणार, हे आधीच मान्य करून डिझाइन करा.

बाथरूम आणि शौचालयाला किमान 0.3 चौरस मीटरचा झरोका हवा, त्याची कोणतीही बाजू 0.3 मीटरपेक्षा कमी नको, आणि तो बाहेरच्या मोकळ्या जागेत किंवा हवेच्या शाफ्टमध्ये उघडला पाहिजे.

डक्ट नावाची विहीर

फ्लॅटच्या इमारतीत सगळी बाथरूमं ज्या उभ्या पोकळीत उघडतात तिला आपण ‘डक्ट’ म्हणतो. तिचा आकार इमारतीच्या उंचीबरोबर वाढायला हवा. 18 मीटरपर्यंतच्या इमारतीला 4 चौरस मीटर आणि लहान बाजू किमान 1.5 मीटर, 24 मीटरपर्यंत 5.4 चौरस मीटर आणि 1.8 मीटर, 30 मीटरपर्यंत 8 चौरस मीटर आणि 2.4 मीटर. त्याच्यावर 9 चौरस मीटर आणि 3 मीटर. आणि 30 मीटरच्या वरच्या इमारतीत एवढी डक्ट देऊनही यांत्रिक वायुवीजन लावावंच लागतं. डक्ट आहे म्हणून पंखा नको, किंवा पंखा आहे म्हणून डक्ट बारीक चालेल, असं दोन्ही बाजूंनी पळता येत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? नकाशात डक्ट बरोबर असते. मग त्यात प्लंबिंगचे पाइप येतात, एसीची बाहेरची युनिटं टांगली जातात, आणि शेवटी पाऊस आणि कबुतरं नकोत म्हणून गच्चीवर प्लास्टिकचा पत्रा ठोकून तोंड बंद होतं. बंद डक्टमध्ये खालच्या मजल्याचा पंखा जी हवा फेकतो, ती वरच्या मजल्याच्या बाथरूममध्ये शिरते. सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या विडीचा वास पाचव्या मजल्यावर आला, तर गच्चीवर जाऊन आधी तो पत्रा बघा. पत्रा ठेवायचाच असेल, तर तो कठड्यापासून हातभर उंच उचला, चारही बाजूंना जाळी लावा. आणि प्रत्येक पंख्याला मागे झडप असलेला नग घ्या. पंखा बंद झाला की झडप आपोआप मिटते आणि शेजाऱ्याची हवा परत येत नाही.

हवा किती हवी, याचा हिशेब

इथे जरा सावकाश जाऊ, कारण हा भाग एकदा हाताला बसला की बाकीचं सोपं आहे.

एनबीसी ‘तासाला हवाबदल’ या मापात बोलते. म्हणजे खोलीतली सगळी हवा तासात किती वेळा बदलली पाहिजे. बाथरूमसाठी 6 ते 10 वेळा, झोपायच्या खोलीसाठी 2 ते 4, बैठकीसाठी 3 ते 6, घरच्या स्वयंपाकघरासाठी 15 ते 20, कार्यालयासाठी 6 ते 10, शाळेच्या वर्गाला 5 ते 7, खानावळीच्या बसायच्या भागाला 8 ते 12, आणि व्यावसायिक स्वयंपाकघराला किमान 30.

सूत्र एवढंच: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, म्हणजे घनमीटर, त्याला हवाबदलाने गुणा. उत्तर तासाला घनमीटर. बाजारात काही पंख्यांवर सीएफएम, म्हणजे मिनिटाला घनफूट, लिहिलेलं असतं. 1 सीएफएम म्हणजे सुमारे 1.7 घनमीटर प्रतितास.

बाथरूम 2.4 बाय 1.5, उंची 2.8. आकारमान 10 घनमीटर. दहा हवाबदल घेतले तर 100 घनमीटर प्रतितास. आता दुकानात सहा इंची पंख्याच्या खोक्यावर 250 लिहिलेलं दिसेल आणि वाटेल की अडीच पट झालं, काम फत्ते. तो आकडा पंख्यापुढे काहीही अडथळा नसतानाचा असतो. बाहेर तिरक्या पट्ट्यांचं लुव्हर, लुव्हरवर कबुतराची जाळी, मध्ये दोन मीटर वेडावाकडा वळलेला लवचिक पाइप आला, की प्रत्यक्षात त्यातला निम्मा हातात पडला तरी नशीब समजा. म्हणून हिशेबाच्या दुप्पट क्षमतेचा पंखा घ्या आणि पाइप जमेल तेवढा सरळ, आखूड आणि गुळगुळीत ठेवा. पाइप खोटी भिंत किंवा पीओपीच्या छतात सोडून देणारे मिस्त्री मी पाहिलेत. ओलसर हवा छतातच साचते आणि वर्षभरात पीओपी फुगून खाली येतं. पाइपचं दुसरं टोक बाहेर निघालेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आता आवक. 100 घनमीटर प्रतितास म्हणजे सेकंदाला 0.028 घनमीटर. 75 सेंटिमीटर रुंद दाराखाली 12 मिलिमीटरची फट असेल, तर तिचं क्षेत्रफळ 90 चौरस सेंटिमीटर. एवढ्यातून ती हवा जायला सेकंदाला तीन मीटरचा वेग लागेल. साध्या पंख्याला ते झेपत नाही. वेग 1 मीटरवर आणायचा तर 280 चौरस सेंटिमीटर मोकळी जागा हवी. जाळीच्या पट्ट्या निम्मी जागा खातात, म्हणून दारात खाली 40 बाय 14 सेंटिमीटरची जाळी. मनीषनगरला आम्ही हीच बसवली.

स्वयंपाकघर 3 बाय 2.7, उंची 2.8: 22.7 घनमीटर. वीस हवाबदल म्हणजे 450 घनमीटर प्रतितास. बाजारातली चिमणी बहुतेकदा हजाराच्या पुढचा आकडा सांगते. तिथे क्षमता कमी पडत नाही, आवक कमी पडते. फोडणी घालताना हॉलचं दार बंद, खिडकी बंद, एसी चालू, आणि चिमणी हवा कुठून आणणार? ती बाथरूमच्या डक्टमधून आणते. म्हणूनच काही घरांत चिमणी लावली की बाथरूमचा वास येतो. स्वयंपाकघराला 1 चौरस मीटरची खिडकी नियमात मागितली आहे. फोडणीच्या वेळी ती चार बोटं तरी उघडी ठेवा. चिमणीचा धूर बाहेर न सोडता फिल्टरमधून परत खोलीत फेकणारे नग मी नियमाच्या हिशेबात धरत नाही. तेल अडतं, पण वाफ आणि गॅसच्या ज्योतीचा धूर आतच राहतो.

गॅस गिझर: इथे पंखा उपाय नाही

हे वेगळा मथळा देऊन लिहिते, कारण इथे जीव जातात. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. बाथरूममध्ये एलपीजीचा गिझर, थंडी म्हणून झरोका बंद, दारही बंद. ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस घेरी येऊन पडतो आणि आतल्या आत जातो.

‘एक्झॉस्ट फॅन आहे ना’ हे उत्तर पुरेसं नाही. आवक नसलेल्या बाथरूममध्ये पंखा खोलीतला दाब कमी करतो आणि ज्योतीचा धूर वर जाण्याऐवजी आत ओढला जाऊ शकतो. शेजारच्या स्वयंपाकघरातली चिमणीही तेच करू शकते. गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत लावा आणि फक्त पाण्याचा पाइप आत आणा. ते जमत नसेल, तर विजेचा किंवा सौर गिझर घ्या. यात तडजोडीची दुसरी कुठली वाट मला माहीत नाही.

कूलर आणि एसी

कूलर हे नागपूरकरांचं रोजचं यांत्रिक वायुवीजन आहे, फक्त आपण त्याला तसं म्हणत नाही. तो बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत ढकलतो. 14 चौरस मीटरच्या, 39 घनमीटर खोलीत तासाला 3000 घनमीटरचा कूलर लावला, तर तासाला सुमारे सत्त्याहत्तर हवाबदल होतात. पण जेवढी हवा आत येते तेवढी बाहेर जायला हवी. ऊन आत येईल म्हणून सगळं बंद केलं, की अर्ध्या तासात खोली दमट होते, अंगाला चिकटते, आणि आपण कूलर खराब झाला म्हणतो. बाहेर जाणाऱ्या हवेचा वेग दीड मीटर प्रतिसेकंद धरला, तर 0.55 चौरस मीटरच्या आसपास मोकळी जागा लागते. कूलरच्या समोरच्या बाजूची 1.2 बाय 1.2 मीटरची सरकती खिडकी पूर्ण सरकवली, की 0.72 चौरस मीटर मिळते. तेवढं पुरे. पावसाळ्यात पाण्याची मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवता येतो. हवा बदलते, ओलावा वाढत नाही.

एसीचं उलटं आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, तीच हवा गार करून फिरवतो. बंद खोलीत दोन माणसं, दोन मुलं रात्रभर झोपली, की सकाळी डोकं जड होतं त्याचं कारण हेच. किती ताजी हवा हवी याला अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या संस्थेचं 62.2 क्रमांकाचं मानक सोपं सूत्र देतं: दर चौरस मीटरला सेकंदाला 0.15 लिटर, अधिक बेडरूमच्या संख्येत एक मिळवून प्रत्येकी 3.5 लिटर. 80 चौरस मीटरच्या टू बीएचकेला 12 आणि 10.5 मिळून 22.5 लिटर, म्हणजे तासाला सुमारे 80 घनमीटर. एक लहान, कमी आवाजाचा, दिवसभर चालणारा बाथरूमचा पंखा हे करू शकतो, बेडरूमच्या खिडकीत बोटभर फट ठेवली तर. मे महिन्यात दुपारी 45 अंशाची हवा ओढण्यात अर्थ नाही. पंख्याला टायमर लावा आणि पहाटे, रात्री जास्त चालवा. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांनी आवकेच्या तोंडाला धुता येणारा फिल्टर जरूर लावावा. आवकेचं तोंड आणि बाथरूम-चिमणीच्या जावकीचं तोंड यांत किमान 3 मीटर अंतर ठेवा.

सावजीचं स्वयंपाकघर

व्यावसायिक स्वयंपाकघरात हवाबदलाचा आकडा एकटा फसवतो. समजा 5 बाय 4 मीटर, उंची 3.2. आकारमान 64 घनमीटर, तीस हवाबदल म्हणजे 1920 घनमीटर प्रतितास. पण चार मोठ्या भट्ट्यांवर सावजी मसाला परतला जातोय, त्यावर 2.4 बाय 1 मीटरचा हुड आहे. त्या मसाल्याचा ठसका हुडच्या बाहेर निसटू नये, तर हुडच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर तरी हवा. 2.4 गुणिले 0.5 म्हणजे सेकंदाला 1.2 घनमीटर, तासाला 4320. नियमाच्या किमानापेक्षा दुपटीहून जास्त. दोन्ही आकडे काढा आणि मोठा धरा.

बाहेर फेकलेल्या हवेच्या 80 ते 85 टक्के ताजी हवा दुसऱ्या पंख्याने आत द्या. उरलेली तूट बसायच्या भागातून येते, त्यामुळे ठसका गिऱ्हाइकांकडे जात नाही. ही आवक आचाऱ्याच्या पाठीवर पडेल अशी द्या. मे महिन्यात भट्टीपुढे उभा असलेला माणूसही याच हिशेबात आहे, आणि त्याचा विचार फार थोडे मालक करतात. हुडच्या फिल्टरमधलं तेल आठवड्याला काढलं नाही, तर धूर नेणाऱ्या पाइपमध्ये चढलेला थर एका ज्वाळेने पेटतो. जावक गच्चीच्या वर न्या, शेजारच्या खिडकीसमोर नको.

तळघर आणि आग

पार्किंगच्या तळघराला क्षेत्रफळाच्या 2.5 टक्के हवेची उघडी जागा हवी. 30 बाय 20 मीटरच्या तळघराला 15 चौरस मीटर. तेवढी नसेल, तर पंखे. महाराष्ट्रातल्या नियमांत दर 50 चौरस मीटरला एक एक्झॉस्ट पंखा असा ठोकताळा आहे, म्हणजे इथे बारा. एनबीसी मात्र हवाबदल मागते: रोजच्या वापरात तासाला 6, आगीच्या वेळी 12. उंची 3 मीटर धरली तर 1800 घनमीटर, म्हणजे रोज 10,800 आणि आगीत 21,600 घनमीटर प्रतितास. बारा पंखे असतील, तर प्रत्येकाने रोज प्रत्यक्षात 900 आणि आगीत 1800 दिले पाहिजेत. सगळे रॅम्पच्या बाजूच्या भिंतीवर लावले, तर रॅम्पवरून आलेली हवा तिथल्या तिथे बाहेर जाते आणि मागचा कोपरा तसाच कोंदट राहतो. जावक रॅम्पच्या समोरच्या टोकाला घ्या. कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर लावून पंखे त्यांच्यावर चालवले, की वीज वाचते आणि ‘बिल येतं’ म्हणून वॉचमन पंखे बंद करून ठेवत नाही.

आगीच्या वेळी चालायचे पंखे वेगळे असतात: 250 अंश सेल्सिअसला दोन तास टिकणारे. त्यांची केबल आणि वीज वेगळी, जनरेटरवर चालणारी हवी. उंच इमारतीत जिन्यात पंख्याने हवेचा दाब वाढवून धूर बाहेर ठेवतात: जिन्यात 50 पास्कल (पास्कल हे दाबाचं माप), लॉबीत 25 ते 30. जिन्याचं दार वीट लावून उघडं ठेवलं, की हा दाब शून्य होतो. सोसायटीच्या सभेत हे एकदा सांगा.

2006 च्या अधिनियमाखाली इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रपत्र ‘ब’ परवानाधारक संस्थेकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करायचं असतं. प्रपत्रावर सही होण्याआधी तळघराचे पंखे तुमच्यासमोर चालवून दाखवायला लावा.

ताबा घेण्याआधी

मंजूर नकाशावर दारं-खिडक्यांचा तक्ता असतो, त्यात झरोक्यांना बहुतेकदा ‘व्ही’ चिन्ह असतं. तो तक्ता हातात घेऊन प्रत्येक खिडकी मोजपट्टीने मोजा, उघडणारा भाग वेगळा लिहा. भोगवटा प्रमाणपत्राआधी हे केलं, तर दुरुस्ती बिल्डरच्या खर्चाने होते, नंतर तुमच्या.

मग पंखे. छोटा पात्यांचा अ‍ॅनिमोमीटर दोन-तीन हजारांत मिळतो, चार सोसायट्यांनी मिळून एक घेतला तरी चालेल. पंख्याच्या तोंडावर पाच ठिकाणी वेग घ्या, सरासरी काढा. सहा इंची म्हणून मिळणाऱ्या 150 मिलिमीटर गोल तोंडाचं क्षेत्रफळ 0.0177 चौरस मीटर. सरासरी वेग 2 मीटर आला, तर सेकंदाला 0.035 घनमीटर, तासाला 127. बाथरूमला शंभर हवे होते, म्हणजे पास. मोजताना दारं-खिडक्या रोज जशा असतात तशाच ठेवा, मोजमापासाठी उघडू नका. आणि यंत्र नसेल तर उदबत्ती आहेच: दार बंद, पंखा चालू, धूर फटीतून आत गेला पाहिजे. न गेल्यास बिल्डरला त्या बाथरूमचा क्रमांक, तारीख आणि धुराचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ लेखी पत्रासोबत द्या, आणि पत्राची पोच घ्या.